पितळेची साक्ष

'काडतूस' हा शब्द मराठीत आला तो पोर्तुगीजांच्या वाटेने, आणि १८५७ नंतर तो आपल्या इतिहासात कायमचा रुतून बसला. डमडम, बराकपूर, मीरत ही नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. परंतु ज्या काडतुसाने एवढा प्रलय घडवला त्याचे मागे काही उरत नसे, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. ते कागदी होते. शिपायाने दातांनी ते फोडावे, दारू नळीत ओतावी, कागदासह गोळी आत ठासावी, आणि बार उडाला की कागद जळून जावा. त्या कागदाला नेमकी कोणती चरबी लावली होती याविषयी दीडशे वर्षे वाद चालू राहिला. कारण साक्ष द्यायला फक्त माणसे होती, वस्तू नव्हती.

पुढच्या दहा वर्षांत काडतूस धातूचे झाले आणि हे चित्र पालटले. बार उडाल्यावर हाती एक रिकामी पुंगळी उरू लागली. बंदुकीच्या पोटात क्षणार्धात काय घडले याची खूण तिच्या अंगावर उमटलेली असते. ती पाहून लोकांनी काय काय ओळखले, कुठे फसगत करून घेतली आणि त्यापायी कोणाचे काय गेले, हा शस्त्रविद्येच्या इतिहासातील एक दुर्लक्षित अध्याय आहे. त्यातले एक पान आपल्या हिंदुस्थानी पावसाळ्यात लिहिले गेले आहे, म्हणून या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधण्याचे आम्ही योजिले आहे.

पुंगळीचे काम नुसते दारू सांभाळण्याचे नाही. टोपी फुटली, दारू पेटली की वायूचा दाब पुंगळीला चारी बाजूंनी फुगवतो. ती नळीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि वायूला मागे, बंदूकवाल्याच्या तोंडाकडे, येऊ देत नाही. गोळी नळीबाहेर पडताच दाब ओसरतो आणि पितळ आपल्या अंगच्या लवचीकपणामुळे किंचित आखडते. ते आखडणे केसभराचे असते, पण तेवढ्यावरच पुढचे सारे अवलंबून असते. आखडली तर पुंगळी सहज निघते. नाही आखडली तर ती आत रुतून बसते आणि हातातली बंदूक ही केवळ एक महागडी काठी होते. धातू फार मऊ असेल तर तो फुगलेलाच राहतो, फार कडक असेल तर चिरतो. म्हणून चांगल्या पुंगळीचे तोंड मऊ आणि बूड कडक, असे एकाच तुकड्यात दोन स्वभाव नांदवावे लागतात.

ही जाण यायला माणसे मरावी लागली. वूलिचच्या रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख कर्नल एडवर्ड बॉक्सर यांनी १८६६ मध्ये स्नायडर बंदुकीसाठी जे काडतूस सिद्ध केले त्याची पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली होती. बुडाला लोखंडी चकती. १८७१ मध्ये आलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकीलाही याच जातीचे काडतूस दिले गेले. इंग्लंडातील चांदमारीत ते बरे चालले. पण १७ जानेवारी १८८५ रोजी सुदानात अबू क्लेआ येथे महदीच्या सैन्याने इंग्रजांचा चौकोन फोडला तेव्हा वाळू, उष्णता आणि भराभर झाडलेले बार यांनी त्या पत्र्याची परीक्षा घेतली. बंदुकीची आकडी पुंगळीचे बूड ओढी, पत्रा फाटे, आणि उरलेली नळकांडी आतच अडकून राही. गार्डनर यंत्रतोफही ऐन वेळी अडली. पाऊण तासाच्या आत आटोपलेल्या त्या चकमकीत सत्तरांहून अधिक इंग्रज पडले. महदीच्या बाजूचे बळी तर शेकड्यांनी होते. गुंडाळलेल्या पत्र्याच्या जागी एकसंध पितळेची, ओढून काढलेली पुंगळी सरसकट यायला हा अनुभव मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाला.

बॉक्सरांच्या नावाशी निगडित एक गंमत येथेच सांगून टाकतो. त्यांच्या पद्धतीत टोपीच्या पोटातच ऐरण असते आणि पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक. त्यातून सळई घालून जुनी टोपी सहज ढकलून काढता येते. हायरम बर्डन या अमेरिकनाच्या पद्धतीत ऐरण पुंगळीचाच भाग, आणि भोके बाजूला दोन. पुढे असे झाले की इंग्रजाची टोपी अमेरिकेने उचलली आणि अमेरिकनाची युरोपने. रिकामी पुंगळी पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत जेवढा फोफावला तेवढा इतरत्र फोफावला नाही, यामागे कायदा आणि पैसा ही कारणे असतीलच. पण त्या एका मधल्या भोकाचाही त्यात वाटा आहे, असे आमचे मत आहे.

पुंगळीची साक्ष माणसाच्या साक्षीहून किती निराळी असू शकते याचे उत्तम उदाहरण अमेरिकेतच आहे. २५ जून १८७६ रोजी लिटल बिगहॉर्न नदीकाठी जनरल कस्टर यांची तुकडी लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी कापून काढली. सैन्याच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइनच्या पुंगळ्या तेव्हा तांब्याच्या होत्या. तांबे पितळेहून मऊ. तापलेल्या नळीत ते चिकटे आणि शिपाई सुरीच्या टोकाने ते उकरून काढत. मग दंतकथा रूढ झाली की कस्टर हरले ते अडलेल्या पुंगळ्यांमुळे. पराभवाला असे निर्जीव कारण सापडले की सर्वांनाच बरे वाटते. वस्तुतः वाचलेल्या तुकडीचे मेजर रीनो यांनी पुढच्याच महिन्यात कळवले होते की आपल्याकडील ३८० कार्बाइनांपैकी ६ या दोषाने निकामी झाल्या. १९८३ मध्ये त्या माळावर वणवा लागला, गवत जळाले आणि जमीन उघडी पडली. १९८४ आणि १९८५ मध्ये डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रे घेऊन ती पिंजून काढली. सापडलेल्या पुंगळ्यांवरील पिनेचे आघात जुळवून एकेक बंदूक कोठून कोठे सरकली याचा माग त्यांनी काढला. उकरल्याचे ओरखडे मात्र अगदी थोड्या पुंगळ्यांवर आढळले. शतकभर सांगितलेली कथा मूठभर तांब्याने निकालात काढली.

आता आपल्या पावसाळ्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी लष्कराच्या हिंदुस्थानातील हालचाली पावसाळ्यात मंदावत. दारूगोळा कोरड्या जागी हलवावा लागे आणि छावण्यांत त्यासाठी घोड्यांच्या पागा वापरल्या जात. पाऊस सरून पेट्या उघडल्या की दिसे ते असे : काडतुसे न झाडताच चिरलेली. गोळी घट्ट बसावी म्हणून पुंगळीचे तोंड जेथे दाबलेले असते तेथेच हे तडे अधिक. कोणी बार उडवला नव्हता, पेटी आपटली नव्हती, वर गंजही विशेष नव्हता. दर पावसाळ्यानंतर दिसणाऱ्या या दोषाला इंग्रजांनी नाव दिले तेही ऋतूवरूनच. मराठीत त्याला 'हंगामी तडे' म्हणता येईल. पुढे पितळेच्या इतर वस्तूंनाही असे तडे जाऊ लागले की हेच नाव जगभर वापरले जाऊ लागले. धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ते आजही आहे, आणि ते शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांना ते हिंदुस्थानातील पागेत जन्मले हे माहीत असते.

कारण सापडायला १९२१ साल उजाडावे लागले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवून दिले की दोष दोन गोष्टींच्या संयोगात आहे. पहिली, घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया. दमट हवेत तो तांब्याशी संयोग पावतो आणि पितळेच्या कणांच्या सांध्यांत शिरून ते पोखरतो. दुसरी गोष्ट पितळेच्या आतच दडलेली असते. काडतुसाचे पितळ म्हणजे शंभरात सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त. त्याची चकती वाटीसारखी दाबून, मग टप्प्याटप्प्याने ओढून लांब नळकांडे करतात. थंड धातूवर असा जुलूम केला की तो कडक होतो आणि त्याच्या अंतरंगात ताण साचून राहतो. बाहेरून पुंगळी गुळगुळीत, चकचकीत, निरोगी दिसते. आतून ती ताणलेल्या धनुष्यासारखी असते. अमोनिया फक्त दोरी कापतो. ताण नसलेल्या पितळेवर तोच अमोनिया फार तर डाग पाडील.

उपायही त्यातूनच निघाला. अडीचशे ते तीनशे अंश सेल्सियसच्या आसपास पुंगळी काही वेळ तापवली की आतला ताण सैलावतो आणि कडकपणा मात्र फारसा कमी होत नाही. पुण्याच्या तांबट आळीत ज्यांनी कधी काम पाहिले असेल त्यांना यात नवल वाटणार नाही. घंगाळ किंवा हंडा ठोकताना तांबट मधूनमधून तो भट्टीत घालतो, लाल करतो, निववतो आणि मग पुन्हा ठोकतो. न तापवता ठोकत गेले तर भांडे चिरते हे त्याला बापाकडून कळलेले असते. अर्थात तांबटाचे तापवणे धातू पुरता मऊ करण्यासाठी असते आणि काडतुसाचे अखेरचे तापवणे कडकपणा राखून ताण घालवण्यासाठी. दोहोंत फरक आहे. तरीही हत्याराखाली धातू 'रागावतो' आणि त्याला शांत करावे लागते, ही जाण आळीत होती आणि छावणीत नव्हती. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ मध्येच उभा राहिला होता. तेथून तांबट आळी हाकेच्या अंतरावर नसली तरी फार दूरही नव्हती. त्या दोन जगांत संवाद झाला असता तर पन्नास वर्षांचे कोडे लवकर सुटले असते काय? इतिहासात असे प्रश्न विचारू नयेत म्हणतात. आम्ही विचारून ठेवतो.

याच काळात पितळेचा दुसरा एक शत्रू टोपीतून आला. जुन्या टोप्यांत पाऱ्याचे एक स्फोटक संयुग असे. काळी दारू जळताना एवढी काजळी मागे टाकी की पाऱ्याचा बराचसा अंश तिच्यात गुंतून जाई आणि पुंगळी धुऊन पुन्हा वापरता येई. १८९० नंतर बिनधुराची दारू आली. काजळी गेली आणि पारा थेट पितळेला भिडला. पाऱ्याने पितळ ठिसूळ होते. दिसायला पुंगळी पूर्वीहून स्वच्छ, पण दुसऱ्या बाराला ती फुटे. अमेरिकी सैन्य रिकाम्या पुंगळ्या परत गोळा करून भरत असे, त्याला याचा फटका बसला आणि १८९८ च्या सुमारास त्याने पारा नसलेली टोपी स्वीकारली.

हिंदुस्थानात मात्र सरकारला उलटीच चिंता होती : पुंगळ्या पुन्हा भरल्या जात नाहीत याची नव्हे, तर त्या भरल्या जातील याची. देशी पलटणींना गोऱ्यांच्या एक पिढी मागची बंदूक द्यायची हे १८५७ नंतरचे धोरण सर्वश्रुत आहे. त्यामुळे मार्टिनी-हेन्री येथे दीर्घकाळ राहिली आणि तिच्यातल्या कित्येक बंदुका या ना त्या मार्गाने सरहद्दीवरच्या टोळ्यांच्या हाती गेल्या. शिकारीच्या .४५० व्यासाच्या काडतुसांचे सुटे भाग त्यांना उपयोगी पडतील या भयाने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदान येथे त्या व्यासाच्या दारूगोळ्याच्या आयातीवर बंदी आली. लंडनच्या बंदूककारांनी मग .४६५, .४७० असे नवे व्यास काढले. वाघ-हत्तींच्या शिकारकथांत जे .४७० नाव वारंवार भेटते ते असे पेशावरच्या भीतीपोटी जन्मास आले आहे.

या शिकारी काडतुसांनी एक नवा धडाही दिला. कॉर्डाइट ही बिनधुराची दारू उष्णतेला हळवी होती. स्कॉटलंडच्या गारठ्यात जे काडतूस समाधानकारक, तेच वैशाखाच्या उन्हात तापल्यावर जास्त दाब निर्माण करी. पुंगळी फुगून रुतून बसे, आणि ते नेमके जखमी जनावर अंगावर येत असताना. म्हणून कारखानदारांनी उष्ण देशांसाठी दारूचे माप कमी केलेली निराळी काडतुसे विकायला सुरुवात केली.

दाब किती, हे मोजायचे कसे? अमेरिकी सैन्यातील थॉमस रॉडमन यांनी १८५७ च्या सुमारास तोफेच्या भिंतीत एक दट्ट्या बसवून त्याच्या टोकाने तांब्यावर पडलेल्या खाचेवरून दाब अजमावला. पुढे इंग्लंडात अँड्र्यू नोबल यांनी तांब्याचा लहानसा ठोकळा चिरडू दिला आणि तो किती आखूड झाला यावरून दाब काढला. ही रीत शंभर वर्षे टिकली. पण तांबे चिरडायला वेळ लागतो आणि दाबाचे शिखर त्याआधीच येऊन जाते. म्हणून पुढे स्फटिकाच्या विद्युत्भारावरून दाब मोजू लागले तेव्हा आकडे वाढले. अमेरिकेच्या .३०-०६ काडतुसाची मर्यादा तांब्याच्या मापाने ५०,००० आणि स्फटिकाच्या मापाने दर चौरस इंचाला ६०,००० पौंड अशी छापली जाते. काडतूस तेच, साक्षीदार निराळा.

घरच्या मेजावर काडतुसे भरणाऱ्याकडे यांपैकी कोणतेच यंत्र नसे. १८८४ मध्ये न्यू हेवन येथे जॉन बार्लो यांनी आयडियल कंपनी काढून भरण्याची हत्यारे आणि माहितीपुस्तिका घरोघर पोहोचवल्या. तेव्हापासून अमेरिकेत हा छंद रुजला. (आपल्याकडे दारूगोळा बनवणे परवान्याशिवाय गुन्हा आहे, हे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने स्पष्टच केले आहे.) त्या मंडळींनी पुंगळी वाचण्याची जणू एक लिपीच तयार केली. टोपीच्या कडा गोल राहिल्या की चपट्या झाल्या. पिनेच्या खळगीभोवती ज्वालामुखीसारखा कंगोरा उठला का. बुडावर चकचकीत ठसा उमटला का. बोल्ट उचलायला जड गेला का. टोपीचे घर सैल झाले का. बुडाच्या किंचित वर एक उजळ वलय दिसले तर तेथे पितळ आतून पातळ होत आले आहे आणि पुढल्या एखाद्या बाराला बूड तुटून निराळे होणार. हे वलय कधी दिसते, कधी नाही. म्हणून टोक वाकवलेली तार आत सोडून भिंतीवर फिरवतात, आणि खाच असेल तर तार तिथे अडखळते. वैद्याने नाडी पाहावी तसा हा प्रकार.

नाडीपरीक्षेच्या मर्यादाही त्याला आहेत. मऊ धातूची टोपी माफक दाबालाही चपटी होते, कडक टोपी अतिरेकी दाबालाही गोल राहते. नळीचा मागचा भाग खरबरीत असेल तर निर्दोष काडतूसही जड निघते. आणि सर्वांत वाईट म्हणजे, यांतल्या बहुतेक खुणा उमटतात तेव्हा दाब मर्यादेपलीकडे केव्हाच गेलेला असतो. जुन्या छंदी लोकांच्या लेखनात 'खूण दिसेपर्यंत वाढवत जावे, मग थोडे उतरावे' असा सूर आढळतो. तो आम्हांला पूर आल्याचे उंबरठ्यावर ओळखण्यासारखा वाटतो.

नुसत्या डोळ्यावर विसंबण्याचे सर्वांत महाग उदाहरण छंदी माणसांचे नाही, एका सरकारी कारखान्याचे आहे. १९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली आणि काही स्प्रिंगफील्ड बंदुका झाडणाऱ्याच्या तोंडापाशी फुटल्या. पुंगळ्यांचे तुकडे तपासले तेव्हा काहींची बुडे कारखान्यात फाजील तापल्यामुळे मऊ पडलेली आढळली. बूड दबले, वायू मागे सुटला. परंतु वायू सुटला म्हणून पोलादी चौकट काचेसारखी का फुटावी? ज्यूलियन हॅचर या अधिकाऱ्याने १९४७ च्या आपल्या 'हॅचर्स नोटबुक'मध्ये ही सर्व हकीकत नोंदवली आहे. चौकटी घडवताना पोलाद किती तापले हे अनुभवी कारागीर त्याच्या रंगावरून ठरवत. तापमापक बसवून पाहिल्यावर कळले की लख्ख उन्हाच्या दिवशी तोच रंग डोळ्याला फिका भासे, आणि ढगाळ दिवसापेक्षा पोलाद तीनशे फॅरनहाइट अंशांपर्यंत अधिक तापवले जाई. जळालेले पोलाद ठिसूळ झाले होते. पुंगळी चांगली असेतो ते उघडकीस आले नाही.

१९२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत पितळेने आणखी एक रूप दाखवले. नळीत धातूचा थर साचू नये म्हणून त्या वर्षी गोळ्यांना कथिलाचा मुलामा दिला होता. आपल्या घरी कल्हई करताना तांब्या-पितळेला कथिल कसे बिलगते हे सर्वांनी पाहिले आहे; येथे ते विस्तवावाचून, नुसत्या सहवासाने, पुंगळीच्या तोंडाला जडले. गोळी सुटायला नाखूष झाली. त्यातच नेमबाज सवयीने गोळीला वंगण लावत. त्यामुळे पुंगळीची नळीच्या भिंतीवरची पकड सुटे आणि सारा भार मागे बोल्टवर येई. काही बंदुका मोडल्या, आणि वंगणावर बंदी आली.

स्प्रिंगफील्डच्या ८,००,००० क्रमांकाच्या अलीकडील चौकटींविषयी १९२७ मध्ये एका लष्करी मंडळाने विचार केला. त्या सर्व सेवेतून काढून टाकाव्यात अशी शिफारस मंडळाने केली. वरिष्ठांनी हिशेब घातला : अशा बंदुका लाखांनी होत्या, आणि अपघात मोजके. हाती असलेल्या बंदुका वापरात राहू द्याव्यात, दुरुस्तीसाठी कोठारात परत येतील तेवढ्याच बाजूला काढाव्यात, असा निर्णय झाला.